रेकॉर्डवरचा मराठी माणूस

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
१४ सप्टेंबर १९८७

नरूमामा,

तुला आणि विनीतामामींना नमस्कार. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण रवी घरात असतो आणि वीणाचे कान तिखट आहेत. पंधरा वर्षांची झाली, पण दाराआडून ऐकायची सवय गेली नाही.

गेल्या मंगळवारी सीमाकडे सत्यनारायण होता. तिथून येताना ग्रोसरीला थांबले. अंगावर साडी, कपाळावर टिकली. सामान गाडीत ठेवत होते तर शेजारी एका हिरव्या, गंजलेल्या गाडीच्या बॉनेटवर तीन जण बसलेले. अठरा-वीस वर्षांचे असतील. मला बघून ते गायला लागले. "ओ पायजमा स्वामी" असं काहीतरी, आणि पुढे नुसतं बडबडल्यासारखं. माना हलवत, हात जोडत. मी दार उघडायला गेले तर एकाने माझी कार्ट दाराला लावून धरली. दुसऱ्याने माझ्या कपाळासमोर बोट आणलं, टिकलीवर. लावलं नाही, नुसतं धरलं. मग तिघं हसले आणि कार्ट सोडली.

एका मिनिटाची गोष्ट. पण मामा, मीही हसले. भीतीने हसू येतं हे मला ठाऊक नव्हतं. त्याची लाज वाटते म्हणून रवीला सांगितलं नाही.

जर्सी सिटीत आपल्या लोकांवर जे हल्ले चाललेत ते तू पेपरात वाचतच असशील. आम्हाला वाटायचं, ते तिकडे, पन्नास मैलांवर.

तू अठ्ठावन्न सालापासून इथे आहेस. हे गाणं तुला माहीत आहे का? म्हणे जुन्या गाण्यांच्या रेडिओ स्टेशनवर हल्ली सारखं लागतं. निदान ते कशाबद्दल आहे ते कळलं तर बरं वाटेल.

तुझी सुचू

*

चँडलर, ॲरिझोना
२३ सप्टेंबर १९८७

चि. सुचू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. विनीताला दाखवलं नाही, ती काळजी करत बसेल.

एकटी जाऊ नकोस. साडी घरी नेस. टिकलीही बाहेर जाताना काढून ठेवली तर काही बिघडत नाही, देव रागावत नाही. रवीला मात्र सांग. नवऱ्यापासून अशा गोष्टी लपवू नयेत.

ते गाणं मी ऐकलेलं नाही. त्या काळी अशी शेकडो गाणी निघत. लागलं तर रेडिओ बंद कर. त्याचा अर्थ शोधत बसू नकोस, अर्थ नसतोच. पोरं कंटाळली की दुसरं काहीतरी धरतील.

इथे अजून उन्हाळा सरत नाही. फॅक्टरीत नवीन चिपचं काम जोरात आहे. तब्येत ठीक.

तुझा मामा

*

वेस्ट विंडसर
६ ऑक्टोबर १९८७

नरूमामा,

तुझं ऐकून रवीला सांगितलं. तो म्हणाला, इग्नोर कर. पण आता इग्नोर करता येत नाही, कारण त्यांना आमचा नंबर मिळाला आहे. फोनबुकात इंडियन नाव शोधणं काही अवघड नाही. आठ दिवसांत पाच वेळा फोन आला. उचलला की कोणी बोलत नाही. रिसीव्हर रेकॉर्ड प्लेयरजवळ धरतात आणि ते गाणं लावतात.

काल मी ते पूर्ण ऐकलं. खाली ठेवायला हवा होता, पण हात हलला नाही. चार-पाच जण मिळून गातात, मागून डू-वॉप डू-वॉप चालू. पायजम्यात फिरणाऱ्या एका स्वामीची टिंगल. मध्येच गाणं थांबतं आणि एक माणूस भराभर बोलतो. आणि मामा, तो काय बोलतो माहीत आहे? "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ." बे दाहे वीसपर्यंत, एका दमात. आणि शेवटी उचकी लागल्यासारखा हसतो.

तो आपला माणूस आहे. कोणीतरी मराठी शाळेत शिकलेला.

रवी म्हणतो, असेल कोणी भुकेला स्टुडंट, सोडून दे. पण मला सोडवत नाही. त्या पोरांपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटते. ती पोरं परकी आहेत. हा घरातला आहे. आपल्या हातात पाटी देऊन शिकवलेलं ते घेऊन तो तिकडे गेला आणि हसला.

वीणाने लायब्ररीतून शोधून काढलं. ग्रुपचं नाव 'द बटनहोल्स', ट्रेंटनचे, गाणं १९६० चं. पुस्तकात गाणाऱ्या पाचांची नावं आहेत, त्या माणसाचं नाही. मी विचारलं, तुला कशाला हवं होतं? तर म्हणाली, "मॉम, इट्स जस्ट अ साँग." मग थोड्या वेळाने विचारलं, "व्हॉट इज बेडूनी चार?" तेव्हा कळलं, तिला शाळेत त्याच नावाने हाक मारतात. दुपारचं जेवण ती हल्ली कॅफेटेरियात करत नाही, जिन्याखाली बसून करते.

काय करू, सांग.

सुचू

*

चँडलर
२० ऑक्टोबर १९८७

चि. सुचू,

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहायला घेतलं आणि फाडलं.

नंबर बदलून घे, डिरेक्टरीत छापू नका म्हणून सांग. पोलिसांत लेखी तक्रार द्या. वीणाच्या मुख्याध्यापकांना भेट. थँक्सगिव्हिंगला सगळे इकडे या, चार दिवस मोकळा श्वास घ्या.

त्या माणसाचा शोध घेऊ नकोस. वीणालाही घेऊ देऊ नकोस. असेल कोणी पोरसवदा. त्याला काय म्हणायला सांगितलं आणि का, हे त्यालाही त्या वेळी कळलं नसेल. कदाचित आता हयातही नसेल.

विनीता विचारते, हल्ली जेवत का नाही. तिला म्हणालो, ॲसिडिटी.

मामा

*

वेस्ट विंडसर
११ नोव्हेंबर १९८७

मामा,

रवीचं कॉलरबोन मोडलं आहे. जिवावरचं नाही हे आधी सांगते. डावा कान सुजलाय, ऐकू येतं. तुला पत्रानेच कळवते आहे, कारण गेल्या गुरुवारपासून आम्ही फोनची वायर काढून ठेवली आहे. नवीन नंबर मिळायला अजून आठवडा आहे.

गुरुवारी मी आणि वीणा त्याला घ्यायला स्टेशनवर गेलो होतो. सहा चाळीसची गाडी. अंधार पडलेला, पण पार्किंग लॉटमध्ये दिवे होते, माणसं होती. तो आम्हाला दिसला. हात केला. त्याच्या मागून तिघं येत होते, आणि मला बंद काचेतून ते गाणं ऐकू आलं. रवी थांबला, वळला, काहीतरी बोलला. शांतपणे बोलला असणार, तुला तो ठाऊक आहे. एकाने त्याची ब्रीफकेस ओढली. दुसऱ्याने ढकललं आणि तो दोन गाड्यांच्या मध्ये पडला. मग लाथा. एक जण मोजत होता. आमचेच आकडे, मामा. "बे डूनी चार" म्हणून एक लाथ, पुढचं म्हणून दुसरी.

वीणा दाराला हात घालत होती. मी सगळी दारं लॉक केली. लॉक करून बसले. हॉर्न दाबायचंही सुचलं नाही, तो वीणाने दाबला. मग कोणी एक उंच माणूस ओरडत धावत आला आणि ते पळाले.

रवी म्हणतो, बरं केलंस, वीणा गाडीत होती. पण मी वीणासाठी लॉक केली नाहीत. मी घाबरले म्हणून केली. हे मी तुलाच सांगते आहे.

पोलिसांनी सगळं लिहून घेतलं. हिरव्या गाडीचा नंबर मी कधी पाहिलाच नव्हता. ऑफिसर म्हणाला, पोरं आहेत, बघू.

आता मी घरातसुद्धा टिकली लावत नाही. थँक्सगिव्हिंगला येणं जमणार नाही.

सुचू

*

चँडलर
१९ नोव्हेंबर १९८७

सुचू,

हे पत्र एकटी असताना वाच.

रेकॉर्डवरचा तो माणूस मी आहे.

आता सगळं सांगतो. तुला पहिल्याच पत्राला सांगायला हवं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर रवीचं हाड वाचलं असतं असं नाही, पण तू एकटीने तो आवाज ऐकत बसली नसतीस.

साठ सालच्या उन्हाळ्यात मी फिलाडेल्फियाला शिकत होतो आणि सुट्टीत ट्रेंटनच्या एका कारखान्यात काम करत होतो. तिथे बेसिनं आणि संडासाची भांडी बनत. माझ्याबरोबर भट्टीवर क्लॅरेन्स नावाचा कृष्णवर्णीय मुलगा होता. बोलला की छातीत ढोल वाजल्यासारखं वाटे. तो आणि त्याचे चार मित्र म्हणजे बटनहोल्स. शाळेत असताना जिन्यात उभं राहून गात, कारण जिन्यात आवाज घुमतो. वाद्यं घ्यायची ऐपत नाही, म्हणून एकाने शब्द गायचे आणि बाकीच्यांनी तोंडानेच तंबोरा, ढोल, पिपाण्या करायच्या. डू-वॉप म्हणजे तेच. पुढे गाणारा होता लेरॉय. त्याचा आवाज ऐकून भट्टीवरची म्हातारी माणसं हातातलं काम थांबवत.

त्यांची पहिली रेकॉर्ड एका संथ गाण्याची होती. नदीकाठी कोणाची तरी वाट बघणाऱ्या मुलीचं. दोनशे खपल्या. मग गंमत म्हणून त्यांनी लग्नात शिंकणाऱ्या पाद्र्याचं गाणं केलं, ते देशभर वाजलं. त्यानंतर कंपनीच्या मालकाने त्यांना दुसरं काही गाऊच दिलं नाही. न्हाव्याचा पोपट, दोन डावे बूट, असलीच गाणी. दर गाण्याला नवीन सोंग. टीव्हीवर कधी पोपटाची पिसं लावून, कधी नाकाला लाल रंग लावून उभे राहायचे. पुढे 'पायजमा स्वामी' आलं. मालकाला मध्ये खरा हिंदू हवा होता. क्लॅरेन्स म्हणाला, माझ्याकडे आहे एक.

मी गेलो. मालक म्हणाला, "तुझ्या भाषेत काहीतरी बोल. फास्ट. आणि फनी." मला काही सुचेना. भीती वाटली की नुसताच उभा राहीन. मग तोंडातून पाढा निघाला. काचेपलीकडे सगळे हसायला लागले, म्हणून मीही हसलो. तेच हसू रेकॉर्डवर आहे. पंधरा मिनिटांचं काम. मला वाटलं, या देशात दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी आपल्याला आत बोलावलं.

गाणं रेडिओवर आलं तेव्हा मी हॉस्टेलमध्ये सगळ्यांना सांगितलं. महिनाभर मजा वाटली. मग सगळे मला स्वामी म्हणू लागले. एकदा लॅबमध्ये प्रोफेसरने त्याच नावाने हाक मारली आणि पूर्ण वर्ग हसला. मी उठून बाहेर गेलो. त्या वर्षाअखेर युनिव्हर्सिटी बदलली, आणि पुन्हा कधी कोणाला सांगितलं नाही. विनीताला काल सांगितलं. ती देवापाशी जाऊन बसली.

तू लिहिलंस, हा घरातला आहे. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि बाहेर अंगणात उन्हात उभा राहिलो.

वीणाला सांगायचं की नाही ते तू ठरव.

नरूमामा

*

वेस्ट विंडसर
२ डिसेंबर १९८७

श्री. नरेंद्रमामा,

तुमचं पत्र मिळालं. रवीला वाचून दाखवलं, वीणालाही सांगितलं. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

एवढे दिवस मी तुम्हाला विचारत होते आणि तुम्ही मला टिकली काढायला सांगत होतात.

रवीचा हात अजून बांधलेला आहे. मी त्याला शर्ट घालते तेव्हा तो दात आवळतो. त्या वेळी मला तुमचा चेहरा दिसतो. असं व्हायला नको हे मला कळतं, पण होतं.

सध्या पत्र लिहू नका. येऊही नका.

सुचित्रा

*

ट्रेंटन
३० जानेवारी १९८८

चि. सुचित्रा,

लिहू नका म्हणालीस, तरी लिहितो आहे. वाचायचं नसेल तर टाकून दे.

मी ट्रेंटनला एका मोटेलमध्ये आहे. तुझं घर इथून वीस मिनिटांवर आहे. तिकडे येणार नाही. दोन आठवड्यांची रजा काढून लेरॉयला भेटायला आलो होतो.

त्याचा पत्ता टेलिफोन डिरेक्टरीत होता. तो आता छप्पन्न वर्षांचा आहे. एका शाळेत झाडलोट आणि बॉयलरचं काम करतो. क्लॅरेन्स वारला. तेव्हाचे तिघे उरले आहेत. चौसष्टनंतर त्यांना कोणी विचारलं नाही, आणि आता जुन्या गाण्यांची लाट आली म्हणून दोन वर्षांपासून रविवारी कुठेकुठे कार्यक्रम करतात. लोकांना तीच विनोदी गाणी हवी असतात.

त्याने मला ओळखलं नाही. मी दारात उभा राहून पाढा म्हणायला सुरुवात केली. बे चोक आठपर्यंत आलो आणि त्याने मला आत घेतलं.

मी त्याला रवीचं सांगितलं. मी म्हणालो, "ते गाणं गाऊ नका. एवढंच मागायला आलोय." तो म्हणाला, "तू त्या गाण्यात एक दिवस होतास. मी सत्तावीस वर्षं आहे. डोक्याला पगडी मी बांधत होतो. तुला वाटतं, मला ते आवडत होतं?" मग त्याने सांगितलं, एकसष्ट साली दक्षिणेत एका गावी कार्यक्रम संपल्यावर त्यांच्या गाडीमागे दोन ट्रक लागले. पाचही जण पगडी आणि पायजमा घालून, उसासारख्या उंच पिकात सकाळपर्यंत पडून होते. "त्या रात्री आम्ही काही फनी नव्हतो," म्हणाला.

सात तारखेला, रविवारी दुपारी, इथे एका जुन्या थिएटरात त्यांचा कार्यक्रम आहे. करारात सहा गाणी लिहिलेली आहेत, त्यात हेही आहे. गायलं नाही तर पुढचे कार्यक्रम जातील. लेरॉय म्हणाला, "मी गाणार नाही. पण का गात नाही ते मी सांगितलं तर लोक म्हणतील, म्हातारा कुरकुरतोय. तू सांग. तुझा आवाज आहे, तू स्टेजवर ये."

मी नाही म्हणालो. सुचू, मी त्रेपन्न वर्षांचा आहे, फॅक्टरीत मीटिंगमध्ये बोलायचं असलं तरी सगळं कागदावर लिहून नेतो आणि तेच वाचतो. आणि हॉलमध्ये कोण बसलेलं असेल? तीच पोरं असली तर? मोटेलवर परत आलो आणि दाराला खुर्ची लावून बसलो.

मग वाटलं, तू रोज अशीच बसतेस. म्हणून त्याला फोन करून हो म्हटलं.

तुम्ही यावं म्हणून लिहीत नाही. येऊ नका, गर्दी असेल. नुसतं कळवलं.

मामा

*

चँडलर
१० फेब्रुवारी १९८८

चि. सुचू,

काय घडलं ते जसं घडलं तसं लिहितो.

सातशे माणसं असतील. बहुतेक माझ्या वयाची, चांगले कपडे घातलेली, खुशीत. हे बघून मला जास्तच भीती वाटली. गुंड असते तर सोपं होतं.

लेरॉयने शिंकेचं गाणं म्हटलं, पोपटाचं म्हटलं. लोक बरोबर गात होते. मग मागून ओरडा सुरू झाला, "स्वामी, स्वामी." लेरॉयने हात वर केला आणि म्हणाला, "त्या रेकॉर्डवर बोलणारा माणूस आज इथे आहे." एवढ्या टाळ्या मला आयुष्यात मिळाल्या नव्हत्या. मी पडद्यामागे होतो. पाय जमिनीला चिकटले होते. त्याच्या जोडीदाराने मला पाठीवर हात ठेवून पुढे केलं.

मी ठरवलेली वाक्यं विसरलो. माइकसमोर नुसता उभा राहिलो. लोकांना वाटलं, हाही गमतीचाच भाग आहे, ते हसायला लागले. तेव्हा नाइलाजाने पाढा सुरू केला. पहिल्या दोन आकड्यांतच त्यांनी आवाज ओळखला आणि हॉल डोक्यावर घेतला. माणसं खुर्च्यांवर हात आपटत होती. मी बे पाचे दहाला थांबलो.

मग म्हणालो, हा दोनाचा पाढा आहे. माझ्या आईने मला चुलीपाशी बसवून शिकवला. नोव्हेंबर महिन्यात इथून जवळ काही तरुणांनी हे म्हणत माझ्या भाचीच्या नवऱ्याला लाथा घातल्या. त्याचं हाड मोडलं. त्याची मुलगी गाडीतून बघत होती. मी तेव्हा हसलो होतो म्हणून तुम्ही हसलात, त्यात तुमची चूक नाही. पण आज मी हसत नाही.

एवढंच बोललो. इंग्रजीसुद्धा अडखळत. मग एक जण ओरडला, "जस्ट सिंग इट." काही लोक उठून गेले, चाळीस-पन्नास असतील. कार्यक्रमवाला पडद्याआडून हातवारे करत होता. लेरॉयने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने त्या पहिल्या, दोनशे खपलेल्या गाण्याला हात घातला. आवाज आता फाटतो, वरच्या सुराला पोचत नाही. तरी राहिलेले लोक हलले नाहीत. त्यांचे तीन कार्यक्रम रद्द झाले, काल फोनवर सांगत होता. तो म्हणाला, शाळेतला बॉयलर आहे ना.

आणखी एक. मागच्या दारापाशी लाल जाकिटातली एक मुलगी उभी होती. तुझी वीणा. सीमाकडे अभ्यासाला जाते सांगून आली होती, सीमाची मुलगी आणि ती बसने आल्या होत्या. कार्यक्रमानंतर आत आली आणि मला म्हणाली, "मामाआजोबा, चला, तुमचा हात थरथरते." थरथरते म्हणाली, मी दुरुस्त केलं नाही. माझा हात धरून टॅक्सीपर्यंत आली. तिला रागावू नकोस.

मामा

*

वेस्ट विंडसर
२६ फेब्रुवारी १९८८

नरूमामा,

वीणाला रागावले. मग जवळ घेऊन बसले. तिने मला सगळं आधीच सांगितलं होतं, तुझं पत्र यायच्या आत. फक्त बसने गेल्याचं गाळलं होतं.

आता पुढचं ऐक. सतरा तारखेला, बुधवारी, संध्याकाळी पाचच्या सुमारास बेल वाजली. काचेतून पाहिलं तर एक गोरी बाई आणि तिच्या मागे तो. टिकलीसमोर बोट धरणारा. मी मागे सरले आणि भिंतीला टेकले. रवी म्हणाला, उघडू नको, पोलिसांना फोन कर. बाई बाहेरून म्हणाली, "आय वॉज ॲट द शो."

तिचं नाव डोरिस. आपल्यापासून चार मैलांवर राहते, डेंटिस्टकडे रिसेप्शनला आहे. ती रेकॉर्ड तिची होती, मामा. सतराव्या वर्षी घेतलेली. बेसमेंटमध्ये ठेवलेली ती रेकॉर्ड तिच्या पोराला सापडली. तुझं बोलणं ऐकून ती घरी गेली, ती रेकॉर्ड फोनशेजारी पडलेली पाहिली, आणि दहा दिवस पोराच्या मागे लागून त्याच्याकडून सगळं काढून घेतलं.

मी साखळी लावूनच दार उघडलं. त्याचं नाव केव्हिन, एकोणीस वर्षांचा. इतक्या जवळून पाहिला तर हनुवटीवर दाढीसुद्धा नीट नाही. खाली बघून म्हणाला, "फोन मी केले. स्टेशनवर मी होतो. लाथ मी मारली नाही, पण मी मोजत होतो." मला दया आली असं तू समजू नकोस. मी साखळीवरचा हात काढला नाही. वीणा माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि त्याला म्हणाली, "व्हॉट आर द अदर टू नेम्स?" त्याने आईकडे पाहिलं. आईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. मग त्याने नावं सांगितली.

मी त्यांना आत घेतलं नाही. डोरिसला म्हणाले, "हे पोलिसांना सांगायला हवं. तुम्ही पुढे व्हा, आम्ही मागून येतो." रवीने कोट चढवला आणि दोन गाड्या घेऊन पोलिस स्टेशनवर गेलो. तीन तास लागले. त्या बाईने आपल्या पोराच्या विरुद्ध कागदावर सही केली, पेन दोनदा खाली पडलं. परवा त्या दोघांनाही पकडलं. जामीन मिळाला, बाहेर आहेत. कोर्टाची तारीख एप्रिलमध्ये आहे.

तुझ्यावरचा राग गेला का, ते मला सांगता येत नाही. रवीला राग नाही, तो म्हणतो, मामांना बोलवून घे. वीणा तुला स्वतः लिहिणार आहे, मराठीत लिहायचं म्हणून अडलं आहे. मी तुला 'तुम्ही' म्हटलं ते तुला लागलं असणार. लागावं म्हणूनच म्हटलं होतं.

आज सकाळी सात वाजता नवीन नंबरवर फोन वाजला. हा नंबर फक्त सहा जणांकडे आहे, त्यात डोरिस एक, केससाठी लागेल म्हणून पोलिसांच्या सांगण्यावरून तिला दिला होता. मी उचलला तर ती. आवाज ओळखू येईना. तिच्या पुढच्या खोलीची काच कोणीतरी फोडली आहे. विटेला कागद गुंडाळलेला, त्यावर तिच्यासाठी एक घाणेरडा शब्द. केव्हिनला तिने बहिणीकडे पाठवलं आहे, नवरा नाही, घरात ती एकटी. म्हणाली, "तुम्हाला का फोन केला मला माहीत नाही. दुसऱ्या कोणाला हे कसं असतं ते कळणार नाही."

रवी म्हणाला, जाऊ नकोस, पोलिस बघतील. मी म्हणाले, पोलिस बघतील आणि जातील.

गाडी काढली. प्रत्येक सिग्नलला आरशात बघत होते. एक हिरवी गाडी मागे आली आणि वळून गेली, तेव्हा मी रस्त्याच्या कडेला थांबले, पाणी प्यायले आणि मग पुढे निघाले.

हे पत्र मी तिच्या किचनमधून लिहिते आहे. काच बसवणारा माणूस अकराला येणार आहे. खिडकीला आम्ही दोघींनी मिळून पुठ्ठा लावला, तरी वारा येतोच आहे. डोरिस काल रात्रभर जागी होती, आता टेबलावर डोकं ठेवून झोपली आहे. बाहेर गाडीचा आवाज आला की दचकून उठते आणि माझ्याकडे बघते. मी सांगते, पोस्टमन आहे, झोप.

सुचू